शाळेत एक सिस्टर हवी!

मैत्रिणींनो, सकाळची कामं उरकून, ओटा पुसून तुम्ही जरा टेकलेल्या असता. मुलं शाळेत, हे कामावर. चहाचा कप हातात घेतला न घेतला तोच फोन वाजतो. ‘शाळेतून बोलतोय. तुमच्या मुलीला बरं वाटत नाहीये, येऊन घेऊन जा.’ काय झालं, किती झालं, काय केलं, काही कळत नाही. तुम्ही पायांत चपला सरकवता आणि रिक्षा शोधत पळत सुटता. शाळेत पोचल्यावर काय दिसतं? ऑफिसातल्या बाकावर लेक आडवी झालेली, पाण्याचा तांब्या घेऊन शिपाईमावशी उभ्या आणि दोन शिक्षिका काय करावं ते न सुचून एकमेकींकडे बघताहेत.

त्या दोघींपैकी एक मी. म्हणून आज ही गोष्ट फोनच्या दुसऱ्या टोकाकडून सांगते आहे.

मी आमच्या गावातल्या एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी आणि इतिहास शिकवते. आठवड्यातले चार दिवस जायचं, तास घ्यायचे आणि घरी यायचं. दोन वर्षांपूर्वी असाच आठवीचा तास चालू होता. मधली सुट्टी नुकती संपलेली. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी एकदम ताठ झाली आणि बाकावरून खाली कोसळली. हातपाय झटके देऊ लागले, तोंडाला फेस आला. वर्गात एकच किंकाळी! कुणी म्हणालं कांदा आणा, कुणी म्हणालं चप्पल हुंगवा. आणि मी? मी बी.ए. झालेली, दोन मुलांची आई, काय केलं असेल? एका डब्यातला चमचा घेतला आणि जीभ चावली जाऊ नये म्हणून तिच्या दातांमध्ये जोर करून घातला. दोन मुलींना तिचे हात घट्ट धरून ठेवायला सांगितले.

दोन-तीन मिनिटांत सगळं आपोआप थांबलं. मुलगी दमून झोपल्यासारखी पडली. चमचा काढला तेव्हा तिच्या पुढच्या दाताचा कोपरा तुटलेला होता.

आई धावत आली. मला वाटलं, आल्या आल्या विचारील, ‘काय झालं?’ पण ती म्हणाली, “बाई, वर्गात सगळ्यांनी पाहिलं का हो?”

मग नळापाशी उभं राहून तिने हळू आवाजात सांगितलं. मुलीला तीन वर्षांपासून फिटस् येत होत्या. औषध चालू होतं आणि त्याने आजार चांगला आटोक्यात होता. चाचणीच्या अभ्यासासाठी दोन रात्री जागरण झालं, त्या गडबडीत गोळी राहून गेली. शाळेच्या फॉर्मवर ‘काही आजार?’ या रकान्यात त्यांनी ‘नाही’ असं लिहिलं होतं. मी विचारलं, “अहो, आम्हाला सांगायचं नाही का?” तर म्हणाली, “कुणाला सांगू? फॉर्म क्लार्कच्या टेबलावर चार दिवस उघडा पडतो. तुम्हाला सांगितलं असतं तर स्टाफरूममध्ये झालं असतं. मुलीची जात आहे बाई. उद्या लग्नाच्या वेळी कुणी आठवण काढली म्हणजे?”

मग तिने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, “दात कशाने तुटला?”

मी खरं ते सांगितलं. संध्याकाळी आमच्या डॉक्टरांना विचारलं तेव्हा कळलं, की फिट आलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नसतं. हात-पाय दाबून धरायचे नसतात. नुसतं कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काही मऊ द्यायचं आणि घड्याळ बघायचं. इतकंच! आणि एवढं साधं मला ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी दोन चुका झाल्या. आईने लपवलं आणि मी चमचा घातला. पण विचार केला तर दोन्ही चुकांचं मूळ एकच. विश्वासाने जिला सांगावं आणि अडल्यावर जिला विचारावं, असं शाळेत कुणी माणूसच नव्हतं. मुख्याध्यापक होते, क्लार्क होते, शिक्षक होते. सिस्टर नव्हती.

तपासणीचा एक दिवस

तुम्ही म्हणाल, ‘शाळेत मुलांना तपासायला डॉक्टर येतात की!’ येतात ना, आणि ते फार चांगलं काम करतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ही योजना ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाली. दोन डॉक्टर, एक नर्स आणि एक औषधनिर्माता असं पथक गाडीतून गावोगाव फिरतं. अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांतली मुलं वर्षातून एकदा तपासली जातात. जन्मजात व्यंग, जीवनसत्त्वांची वा रक्ताची कमतरता, बालपणीचे आजार आणि वाढीतली दिरंगाई, या सगळ्यांवर त्यांची नजर असते. कितीतरी मुलांच्या हृदयाची छिद्रं अशा तपासणीत सापडली आणि त्यांची ऑपरेशनं फुकट झाली. त्याबद्दल कुरकुर करण्याचं कारण नाही.

पण पथकाला आख्ख्या तालुक्यातल्या शाळा आणि अंगणवाड्या करायच्या असतात. आपल्या शाळेच्या वाट्याला येतो तो वर्षातला एखाद-दुसरा दिवस. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीची शाळा वर्षातून २२० दिवस भरली पाहिजे. उरलेल्या दिवसांचं काय?

माझ्या वर्गातल्या एका मुलाचीच गोष्ट घ्या. पथकाने डोळे तपासले आणि ‘चष्म्याची गरज, पुढील तपासणी करावी’ अशी चिठ्ठी दिली. मुलाने ती दप्तरात ठेवली. घरी दाखवली की नाही, कुणी विचारलं नाही. आई चार घरची धुणीभांडी करते, वडील हमाली करतात. तालुक्याच्या इस्पितळात जायचं म्हणजे दोघांपैकी एकाचा रोज बुडणार. पुढच्या वर्षी पथक पुन्हा आलं, पुन्हा तीच चिठ्ठी! आणि मधल्या वर्षभर तो मुलगा शेजाऱ्याच्या वहीत बघून उतरवतो म्हणून बोलणी खात होता. त्याच्या प्रगतिपुस्तकात ‘अभ्यासात लक्ष देत नाही’ हा शेरा माझ्याच हातचा आहे. फळाच दिसत नाही त्याने लक्ष द्यायचं कुठे?

तेव्हा मैत्रिणींनो, आजार शोधून काढणं वेगळं आणि मूल बरं होईपर्यंत त्याच्या मागे राहणं वेगळं. पहिलं काम एका दिवसात होतं. दुसऱ्याला रोज तिथे असणारं माणूस लागतं.

न्यूयॉर्कमधला एक महिना

ही गोष्ट अमेरिकेला सव्वाशे वर्षांपूर्वी कळली, आणि तीही एका बाईमुळे. न्यूयॉर्कच्या शाळांत १८९७ पासून डॉक्टर मुलांची तपासणी करीत. कुणाच्या डोळ्यांना खुपऱ्या, कुणाच्या डोक्यात उवा, कुणाला गजकर्ण. असं मूल सापडलं की त्याला चिठ्ठी द्यायची आणि घरी पाठवायचं. पण घरी गेल्यावर औषध कोण घालणार? आईवडील परदेशांतून आलेले गरीब कामकरी, त्यांना चिठ्ठीवरचं इंग्रजीही वाचता येत नसे. मुलं रस्त्यावर खेळत राहत आणि पुन्हा त्याच वर्गमित्रांमध्ये मिसळत. शाळा तेवढी बुडे!

त्या गरीब वस्तीत लिलियन वाल्ड नावाची एक नर्स राहून काम करीत होती. डोक्यावरच्या इसबामुळे शाळेने पुन्हापुन्हा परत पाठवलेला एक बारा वर्षांचा मुलगा तिला भेटला. तिने नीट औषधपाणी केलं आणि तो मुलगा शाळेत बसू लागला. ही आठवण मनात ठेवून तिने ऑक्टोबर १९०२ मध्ये शहराच्या अधिकाऱ्यांना सांगितलं, ‘माझी एक नर्स महिनाभर घ्या आणि काय होतं ते पाहा.’ लीना रॉजर्स ही ती नर्स. तिच्याकडे चार शाळा दिल्या. ती शाळेतच जखमा धुई, डोळ्यांत औषध घाली आणि संध्याकाळी मुलांच्या घरी जाऊन आयांना हाताने करून दाखवी.

प्रयोग इतका साधला, की शहराने लगेच आणखी नर्सेस नेमल्या. सप्टेंबर १९०२ मध्ये आजारासाठी घरी पाठवलेल्या मुलांची संख्या १०,५६७ होती. वर्षभराने, सप्टेंबर १९०३ मध्ये ती १,१०१ वर आली. डॉक्टर पूर्वीही होते, औषधंही होती. वाढली ती फक्त नर्स!

पुढे तिथे साडेसातशे निरोगी मुलांमागे एक नर्स असा हिशेब धरला जाऊ लागला. २०१६ साली तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तोही अपुरा ठरवला आणि प्रत्येक शाळेला पूर्ण वेळ एक नर्स असावी अशी शिफारस केली. तिथेही सगळ्या शाळांत हे साधलेलं नाही, पण काय हवं ते निदान ठरलेलं आहे. जपानमध्ये तर शाळेत आरोग्याची वेगळी खोली असते आणि तिथे बसणाऱ्या बाईला शिक्षकाचाच दर्जा असतो. १९४७ च्या शिक्षण कायद्यापासून ही पद्धत आहे. पोट दुखतंय म्हणून मूल त्या खोलीत जातं आणि कधीकधी कळतं, की दुखतंय ते पोट नव्हे, मन.

आपल्याकडेही हे नवीन नाही

‘ही सारी परदेशी थेरं’ असं मात्र म्हणू नका. आपल्या देशात शाळकरी मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी १९०९ साली झाली, ती बडोद्याला. सयाजीराव महाराजांचं बडोदं ते! आणि योगायोग पाहा, त्याच १९०९ साली पुण्यात रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने सेवासदन सुरू झालं. नर्सचं काम म्हणजे हलकं काम, भल्या घरच्या बाईने ते करू नये, असा तो काळ. तेव्हा सेवासदनाने मुलींना, विधवांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवलं. तपासणी बडोद्यात आणि नर्सेस पुण्यात, दोन्ही गोष्टी तयार होत्या. फक्त त्यांची शाळेत गाठ पडली नाही.

१९४६ साली भोर समितीने आपल्या अहवालात स्पष्ट नोंदवलं, की देशात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नाहीच. १९६० साली रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने खास शालेय आरोग्यासाठी समिती नेमली आणि पुढच्या वर्षी तिचा अहवालही आला. म्हणजे जाणत्या माणसांना हे कळलेलं होतं. पण समित्यांचे अहवाल आणि आमच्या शाळेतली प्रथमोपचाराची पेटी, दोन्हींची गत एकच. कपाटावर ठेवली आहे, किल्ली कुठे ते शोधावं लागतं.

सोमवारची निळी गोळी

आता नर्स शाळेत असली तर नेमकं काय होईल? एक रोजचं उदाहरण देते.

२०१३ पासून शाळांमध्ये सहावी ते बारावीच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची निळी गोळी देतात. बहुतेक ठिकाणी ती सोमवारी देतात. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी गुलाबी गोळी असते. त्याची गरज किती म्हणाल, तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या शंभर मुलींपैकी ५९ जणींच्या अंगात रक्त कमी निघालं. आपण म्हणतो, पोरगी आळशी झाली, सारखी लोळते, पुस्तक घेतलं की पेंगते. अहो, अंगात रक्तच नाही तर ती बिचारी काय करील?

पण प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. सोमवार, आमच्याकडे बऱ्याच मुलींचा उपास. काहीजणी सकाळी नुसत्या चहावर आलेल्या. वर्गशिक्षिका हजेरी घेता घेता गोळ्या वाटते. रिकाम्या पोटी लोह गेलं की मळमळतं. एकीला उलटी होते, तिचं बघून दुसरीला, आणि मग वर्गभर ओकाऱ्या. दुसऱ्या दिवशी दोन पालक तावातावाने येतात, ‘आमच्या मुलीला गोळी द्यायची नाही!’ शिक्षिका म्हणते, नको तर नको बाई, माझ्या डोक्याला तापच नको. निळ्या गोळ्या मग शाळेमागच्या गटारात सापडतात.

तिथे सिस्टर असती तर तिने सांगितलं असतं, की गोळी जेवणानंतर घ्या. सोमवारी उपास असेल तर मंगळवारी घ्या. बरोबर लिंबू किंवा पेरू-आवळा असला तर लोह चांगलं अंगी लागतं. चहा मात्र तासभर पुढे-मागे नको, तो लोह अंगी लागू देत नाही. शौचाला काळं झालं तर घाबरू नका. ही सारी दोन मिनिटांची गोष्ट, पण ती सांगणाराच नाही. फेब्रुवारी आणि ऑगस्टमधल्या जंतांच्या गोळीचंही तेच.

आणि ज्या गोष्टी मुली आमच्याशीही बोलत नाहीत त्यांचं काय? पहिल्यांदा पाळी आली, शाळेतच आली. दर महिन्याला दोन दिवस पोटदुखीने शाळा बुडते. अंगावर पांढरं जातं. घरी आईशी बोलायची लाज आणि शाळेत शिकवायला सर. शेवटी मुली मैत्रिणीला विचारतात आणि मैत्रिणीला तेवढीच माहिती! एखादीच्या अंगावरचे वळ, एखादीचं गप्प गप्प राहणं, हेही आजाराइतकंच कुणीतरी बघायला हवं. कपाळावर हात ठेवताना जे कळतं ते हजेरी घेताना कळत नाही.

‘शिक्षक आहेत की!’

ही मागणी केली की दोन उत्तरं ठरलेली असतात. पहिलं, ‘शिक्षकांना शिकवा, तेच करतील.’ २०२० पासून आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्याची योजना आहेही. चांगली आहे. स्वच्छता, आहार, व्यसनांचे धोके हे शिक्षकाने जरूर शिकवावं. पण दम्याचा पंप कसा ओढायचा, साखर कमी झालेल्या मुलाला कधी ग्लुकोज द्यायचं आणि कधी तोंडात थेंबही घालायचा नाही, हे दोन दिवसांच्या शिबिरात हाताला बसत नाही. शिवाय त्याच शिक्षकाला शिकवायचं असतं, पोषण आहाराचा हिशेब ठेवायचा असतो, निवडणुकीची कामंही असतात. आपण घरी वरण उतू जात असताना दूधवाल्याला पैसे देतो, तसं किती दिवस चालवायचं?

दुसरं उत्तर, ‘आमच्या वेळी कुठे होत्या नर्सा? आम्ही नाही का वाढलो?’ सासूबाईंच्या तोंडी हे वाक्य हमखास असतं! खरं आहे, आपण वाढलो. पण आपल्या वर्गात फिट येणारी, दर जेवणाआधी इन्सुलिन घेणारी, हृदयाचं ऑपरेशन झालेली मुलं नव्हती. कारण ती घरी बसवलेली असत किंवा फार जगतच नसत. आज औषधांमुळे ती जगतात, शाळेत येतात, पहिला नंबरही काढतात. ही किती आनंदाची गोष्ट! पण मूल शाळेत घ्यायचं आणि त्याच्या इन्सुलिनसाठी रोज मधल्या सुट्टीत आईने फाटकाशी उभं राहायचं, याला काय म्हणावं? अशा एका आईला मी ओळखते. चांगली नोकरी होती तिला, सोडली. शाळेला तिचं कौतुक वाटतं. मला वाईट वाटतं.

आणि पूर्वी घरात आजी, काकू असत. शाळेतून मूल घरी धाडलं तर दाराला कुलूप नसे. आज दोघंही कामावर. शाळेचा फोन लागतो तेव्हा आई बँकेच्या काउंटरवर असते नाहीतर लोकलमध्ये.

मग एवढ्या नर्सेस आणायच्या कुठून? जरा आपल्या आळीत पाहा. एएनएमचा दोन वर्षांचा किंवा जीएनएमचा तीन वर्षांचा कोर्स केलेली, काही वर्षं इस्पितळात काम केलेली आणि लग्नानंतर रात्रपाळी जमेना म्हणून घरी बसलेली एखादी तरी सापडेल. आमच्या शेजारच्या इमारतीतच एक आहे. सगळी आळी तिच्याकडे बी.पी. बघायला जाते! शाळेची वेळ, शाळेच्या सुट्ट्या, तिच्यासारखीला याहून सोयीचं काम कोणतं? मोठ्या शाळेला एक आणि लहान लहान शाळा असतील तिथे दोन-चार शाळांमध्ये मिळून एक, वार ठरवून. सुरुवात एवढ्यावरही होईल. डॉक्टरांचं पथक वर्षातून एकदा येऊन आजार शोधील आणि त्या यादीतलं प्रत्येक मूल इस्पितळापर्यंत पोचलं की नाही, हे ती बघील.

तोवर आपण काय करायचं?

सिस्टर येईल तेव्हा येईल. मुलं तर उद्याही शाळेत जाणार आहेत. म्हणून आपल्या हातात आहे तेवढं करू या.

• मुलाचा आजार लपवू नका. एका कागदावर लिहा : आजार, औषध आणि त्याची वेळ, कशाची अ‍ॅलर्जी आहे, काय झालं तर काय करायचं, केव्हा इस्पितळात न्यायचं, डॉक्टरांचा नंबर आणि घरचे दोन नंबर. पाकीट बंद करून वर्गशिक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या हाती स्वतः द्या. क्लार्कच्या टेबलावर नको.

• दम्याचा पंप मुलाजवळ हवा, ऑफिसच्या कुलपात नको. मधुमेह असलेल्या मुलाच्या दप्तरात ग्लुकोजची पुडी किंवा साखर कायम असू द्या. घाम फुटला, हात थरथरले, मूल चिडचिड करू लागलं की आधी साखर, मग चौकशी. मात्र मूल शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, तडक इस्पितळ.

• फिट आली तर कुशीवर वळवा, आसपासच्या टोचणाऱ्या वस्तू दूर करा, वेळ बघा. कांदा नको, चप्पल नको, पाणी नको. आणि माझ्यासारखा चमचा तर मुळीच नको! पाच मिनिटांत थांबली नाही, लागोपाठ दुसरी आली किंवा पहिल्यांदाच आली असेल तर १०८ ला फोन करा.

• घोळणा फुटला तर मान मागे टाकू नका. पुढे वाकवून बसवा आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरा. मधेच सोडून बघू नका.

• सकाळी तापाची गोळी देऊन मुलाला शाळेत पाठवू नका. मीही केलं आहे हे, लपवत नाही. पण गोळीचा असर मधल्या सुट्टीपर्यंत उतरतो आणि मूल वर्गात फणफणतं.

• पथकाने चिठ्ठी दिली आहे का, हे दप्तरात स्वतः बघा. मूल टीव्हीच्या फार जवळ बसत असेल, डोळे बारीक करून बघत असेल, वहीत उतरवताना ओळी गाळत असेल, तर शिकवणी लावण्याआधी डोळे तपासा.

• शाळेतली प्रथमोपचाराची पेटी एकदा उघडायला सांगा. गॉझ, चिकटपट्टी, कात्री, थर्मामीटर, क्षार-साखरेची पाकिटं, ग्लुकोज आहे का? मलमावरची तारीख उलटून किती वर्षं झाली? किल्ली कुणाकडे?

आणि सर्वांत महत्त्वाचं. शिक्षण हक्क कायद्याने सरकारी, पालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या सभासद बायका असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. त्या आराखड्यात आपण रंगरंगोटी लिहितो, कुंपणाची भिंत लिहितो. ‘शाळेसाठी नर्स’ एवढी एक ओळ लिहायला कुणाची हरकत आहे? ओळ लिहिली म्हणजे लगेच माणूस येत नाही, हे मलाही कळतं. पण जी ओळ कुणी लिहिलीच नाही, तिच्यावर वर बसलेला अधिकारी विचार तरी कशाला करील? शंभर शाळांतून तीच ओळ गेली तर त्याला नजर फिरवता येणार नाही. तुमच्या शाळेत अशी समिती नसेल तर पालक-शिक्षक संघाच्या सभेत हेच बोला. अशा सभांना आपण जातो, सही करतो, चहा पितो आणि घरी येतो. या वेळी चहाच्या आधी बोला.

त्या मुलीचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलंच. तिच्या आईने नंतर मला सगळं लिहून पाकीट दिलं. तिच्या परवानगीने मी वर्गाला एक तास फिटविषयी सांगितलं. कुणाचं नाव न घेता, पण मुलींना कळायचं ते कळलंच. नववीत तिला पुन्हा एकदा फिट आली. वर्गात किंकाळी झाली नाही. दोघींनी तिला कुशीवर वळवलं, एकीने डोक्याखाली दप्तर सारलं, एकजण घड्याळाकडे बघत मोठ्याने मिनिटं मोजत होती. दोन मिनिटांत थांबली. जरा वेळाने ती उठली, तोंड धुतलं आणि शेवटच्या तासाला पुन्हा बसली. त्या दिवशी आईला फोन गेला तो ‘येऊन घेऊन जा’ असा नव्हे, तर ‘बरी आहे, काळजी करू नका’ असा.

तुम्हाला वाटेल, मग झालं की सगळं छान! पण मैत्रिणींनो, त्या दिवशी योगायोगाने माझा तास होता. आठवड्यातले दोन दिवस मी शाळेत नसते. आणि तासिका तत्त्वावरची बाई पुढच्या वर्षी असेलच असं कुणी सांगावं? माझ्याबरोबर ते पाकीट कुठे जाईल? एखाद्या बाईच्या चांगुलपणावर किंवा आठवणीवर किती मुलं सोडायची?

त्या मुलीचा दात अजून तसाच आहे. हसली की दिसतो. आणि ती माझ्याकडे बघून हसतेही, त्याचंच मला जास्त वाटतं. तेव्हा पुढच्या पालकसभेला जाल तेव्हा एक प्रश्न नक्की विचारा : आपल्या शाळेत सिस्टर केव्हा येणार?